अन्वयदोषाची दुरुस्ती : इंग्रजी लेखनातील कर्ता-क्रियापदांच्या मेळाची एक चिकित्सा

१

इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधाचे टंकलिखित मार्गदर्शकाकडून परत येते, तेव्हा त्यात ज्या खुणा हटकून दिसतात त्यांत क्रियापदाखाली ओढलेली तांबडी रेघ ही एक होय. कर्ता एकवचनी असून क्रियापद अनेकवचनी, अथवा कर्ता अनेकवचनी असून क्रियापद एकवचनी, असा हा दोष. दोष लहान, बहुधा एका ‘एस्’ या अक्षराचा. परंतु त्याचे मोल मात्र लहान नसते. विवेचन कितीही सूक्ष्म असो, पुरावा कितीही परिश्रमाने गोळा केलेला असो, हे एक अक्षर चुकले की लेखकाच्या विद्वत्तेविषयीच वाचकाच्या मनात किंतु उभा राहतो. म्हणूनच हा दोष कसा दुरुस्त करावा हा प्रश्न केवळ शालेय व्याकरणाचा नाही. विद्यार्थ्याच्या लेखनाविषयी न्याय कसा करावा, हा तो प्रश्न आहे.

आता पुढील तीन वाक्ये पाहावीत. पहिले : ‘द फार्मर सेल हिज क्रॉप इन जून.’ दुसरे : ‘द प्राइस ऑफ द बॉक्सेस आर हाय.’ तिसरे : ‘द कमिटी हॅव नॉट ॲग्रीड.’ परीक्षकाची लेखणी या तिन्ही वाक्यांतील क्रियापदांखाली सारखीच रेघ ओढण्याचा संभव आहे. वस्तुतः तिन्ही प्रकरणे भिन्न आहेत. पहिल्यात नियमच अंगवळणी पडलेला नाही. दुसऱ्यात नियम ठाऊक असूनही लेखणी घसरली आहे. तिसऱ्यात मुळी दोषच नाही. ब्रिटिश इंग्रजीत हे रूप प्रतिष्ठित लेखनात सर्रास आढळते, अमेरिकन इंग्रजीत मात्र तेथे एकवचनाकडे कल असतो. अज्ञान, स्खलन आणि वापरातील मतभेद या तीन निराळ्या गोष्टींना एकच शिक्षा देणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे. या गल्लतीचे मूळ काही अंशी ज्या नियमग्रंथांवर आपल्याकडील इंग्रजीचे अध्यापन पोसले गेले त्यांत आहे, आणि काही अंशी दुरुस्तीविषयीच्या अपुऱ्या विचारात आहे. दोहोंचा परामर्श क्रमाने घ्यावयाचा आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्डच्या व्याकरणांनी जी परंपरा भारतीय शाळांत रुजविली, तीच पुढे रेन आणि मार्टिन यांच्या ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्या चालविली. या पुस्तकाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. त्याची मांडणी स्वच्छ आहे, उदाहरणे सुबोध आहेत, आणि ज्या विद्यार्थ्याच्या कानावर घरी इंग्रजी पडत नाही त्याला त्याने मोठाच आधार दिला आहे. तथापि अन्वयाचे प्रकरण चिकित्सक दृष्टीने वाचले असता त्यात दोन उणिवा जाणवतात.

पहिली उणीव अशी की, नियम एकापुढे एक मांडलेले आहेत, पण त्यांच्यांत प्रधान कोणता आणि गौण कोणता हे सांगितलेले नाही. ‘अँड’ने जोडलेल्या दोन नामांना अनेकवचनी क्रियापद लागते, परंतु दोहोंनी मिळून एकच कल्पना व्यक्त होत असेल तर एकवचनी लागते. समूहवाचक नाम एकवचनी. परंतु समूहातील व्यक्ती अभिप्रेत असतील तर अनेकवचनी. प्रत्येक नियमामागे एक ‘परंतु’ उभा आहे, आणि तो कोठून आला याचा उलगडा होत नाही. विद्यार्थी नियम पाठ करतो, अपवाद पाठ करतो, आणि ऐन लेखनाच्या वेळी दोहोंच्या मध्ये अडकतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. क्रियापद आपल्या खऱ्या कर्त्याशी न जुळता जवळच्या नामाशी जुळले तर तो सांनिध्याचा दोष होय, असा इशारा हे पुस्तक देते. तेच पुस्तक थोड्या अंतरावर सांगते की, ‘ऑर’ अथवा ‘नॉर’ने जोडलेले कर्ते भिन्न पुरुषांचे असतील तर क्रियापद जवळच्या कर्त्याशी जुळवावे, आणि त्यांपैकी एक अनेकवचनी असेल तर तो क्रियापदाच्या निकट ठेवावा. म्हणजे जे सांनिध्य एका ठिकाणी दोष ठरले, तेच दुसऱ्या ठिकाणी नियम ठरले. दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत, यात शंका नाही. पण ती दोन्ही बरोबर का, हे न सांगितल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनावर एवढेच बिंबते की, व्याकरण म्हणजे कारणावाचूनच्या आज्ञांची यादी होय.

ही कारणे स्पष्ट करण्याचे श्रेय क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या बृहद्‌व्याकरणाकडे जाते. इंग्रजीतील मेळ तीन तत्त्वांच्या ओढाताणीतून ठरतो, अशी त्यांची मांडणी आहे. पहिले तत्त्व रूपानुसारी : कर्त्याचे रूप एकवचनी तर क्रियापद एकवचनी. दुसरे अर्थानुसारी : रूप काहीही असो, मनात एक आहे की अनेक, हे पाहावयाचे. तिसरे सांनिध्यानुसारी : क्रियापदाच्या निकटचे नाम त्याला आपल्याकडे ओढते. बहुसंख्य वाक्यांत ही तिन्ही तत्त्वे एकाच दिशेने जातात, आणि म्हणून कोणतीही अडचण येत नाही. जेथे ती फुटतात तेथेच नियमग्रंथांतले ‘परंतु’ उगवतात.

या मांडणीचा उपयोग एका परिचित उदाहरणाने दिसून येईल. ‘अ नंबर ऑफ स्टूडंट्स आर ॲब्सेंट’ हे शुद्ध, आणि ‘द नंबर ऑफ स्टूडंट्स इज लार्ज’ हेही शुद्ध. शाळेत सांगतात की ‘अ’ असेल तर अनेकवचन आणि ‘द’ असेल तर एकवचन. हे खरे, पण हे लक्षण झाले, कारण नव्हे. पहिल्या वाक्यात गैरहजर आहेत ते विद्यार्थी. ‘अ नंबर ऑफ’ हे शब्द केवळ ‘कित्येक’ एवढाच अर्थ देतात. रूप एकवचनाकडे ओढते, परंतु अर्थ आणि सांनिध्य ही दोन्ही अनेकवचनाकडे ओढतात, आणि त्यांची सरशी होते. दुसऱ्या वाक्यात मोठी आहे ती संख्या; तेथे अर्थ रूपाच्या बाजूने उभा राहतो आणि सांनिध्य एकाकी पडते. ‘टेन इयर्स इज अ लाँग टाइम’ यात रूप अनेकवचनी असून अर्थ एका सलग कालखंडाचा आहे, म्हणून अर्थाचा विजय होतो. उलट ‘मोअर दॅन वन स्टूडंट वॉज ॲब्सेंट’ यात अर्थ उघडउघड अनेकांचा असूनही क्रियापद एकवचनी राहते, कारण रूप आणि सांनिध्य ही दोन्ही एकवचनी आहेत.

तथापि या सिद्धान्ताचीही मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. तीन तत्त्वांपैकी अमुक ठिकाणी अमुक जिंकले, हे तो निकाल लागल्यावर सांगतो. निकाल लागण्यापूर्वी तो काय लागेल हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात थोडे. वर्णनपर व्याकरणाचे ते कामही नव्हे. पण हातात लेखणी घेऊन बसलेल्या शिक्षकाला निर्णय हवा असतो. त्यासाठी त्याला व्याकरणाबरोबरच भाषेच्या इतिहासाचे आणि विद्यार्थ्याच्या मनोव्यापाराचे भान असावे लागते.

३

इतिहास असे दाखवितो की, इंग्रजीतील मेळाची व्यवस्था ही एका मोठ्या वाड्याची उरलेली भिंत आहे. प्राचीन इंग्रजीत क्रियापदाला पुरुष व वचन यांचे प्रत्यय समृद्ध होते. ते कालौघात झिजले, आणि वर्तमानकाळी तृतीय पुरुषाच्या एकवचनातील ‘एस्’ तेवढा शिल्लक राहिला. भूतकाळात ‘वॉज’ व ‘वेअर’ हा एकच भेद उरला. गंमत अशी की, उरलेला हा ‘एस्’ही मूळचा लंडनचा नव्हे. दक्षिणेकडील प्रत्यय ‘थ’कारान्त होता, आणि १६११ च्या बायबलच्या अधिकृत भाषांतरात तोच जपलेला आहे. ‘एस्’ उत्तरेकडून आला, आणि सतराव्या शतकात त्याने ‘थ’ला जवळजवळ हद्दपार केले. त्या उत्तरेकडील बोलींत हा ‘एस्’ अनेकवचनी नामांनाही लागत असे; कर्तृपदी निकटचे सर्वनाम असेल तर मात्र लागत नसे. म्हणजे आजच्या परीक्षकाला जो धडधडीत दोष वाटेल, तो त्या बोलींत नियमबद्ध प्रयोग होता.

या बदलाचा एक वाङ्मयीन परिणाम मोठा उद्बोधक आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या फोलिओ आवृत्तीत अनेकवचनी कर्त्यापुढे ‘एस्’कारान्त क्रियापद आल्याची स्थळे आढळतात. पुढील काळातल्या संपादकांनी त्यांतील कित्येक स्थळे मुद्रणदोष समजून बदलली. ॲबटने १८६९ साली शेक्सपिअरच्या भाषेचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा त्याने या स्थळांची एकत्र मांडणी केली आणि तो तत्कालीन भाषेतील एक जिवंत प्रयोग असल्याचे दाखविले. दुरुस्ती करणारा आपल्या काळाचा नियम दुसऱ्याच्या लेखनावर लादीत असतो, आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची जरुरी नाही.

अठराव्या शतकात व्याकरणाला आज्ञेचे स्वरूप आले. बिशप लाउथ याचे छोटेखानी व्याकरण १७६२ साली निघाले, आणि लिंडली मरेचे १७९५ साली. लाउथने ज्या प्रयोगांवर कठोर टीका केली त्यांत ‘यू वॉज’ हा प्रयोग होता. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन. आदरार्थी म्हणून ते एका व्यक्तीसाठी योजले जाऊ लागले, आणि पुढे ‘दाउ’ मागे पडून सरसकट रूढ झाले. त्यामुळे एक आणि अनेक यांतील भेद नाहीसा झाला. तो भेद राखण्याची सोय म्हणून एका व्यक्तीसाठी ‘यू वॉज’ असे म्हटले जात होते, आणि सुशिक्षितांच्या लेखनातही ते वावरत होते. लाउथने रूपाचा कौल ग्राह्य धरला आणि अर्थाचा फेटाळला. मराठी वाचकाला हा झगडा परका वाटण्याचे कारण नाही. एकाच व्यक्तीला ‘तुम्ही आलात’ म्हणणारी, आणि ‘गुरुजी आले’ यात एका गुरुजींना अनेकवचन देणारी भाषा त्याच्या जिभेवर आहे. वचन ही केवळ मोजणीची बाब नसून भावाचीही बाब आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

अर्थ बदलला की मेळ बदलतो, याचे राजकीय उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नावातच सापडते. १७८७ च्या संविधानात या नावासाठी अनेकवचनी सर्वनाम योजलेले आहे, आणि गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही तसेच आहे. आज तेच नाव एकवचनी क्रियापद घेते. संस्थानांचा समुदाय हे एक राष्ट्र आहे, ही भावना दृढ होत गेली, तसे क्रियापदही बदलले. येथे कोणी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. भाषेने नव्या अर्थाची नोंद घेतली, इतकेच.

४

इतिहासाने अन्वयदोषाच्या तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे वापरातील मतभेदावर प्रकाश टाकला. आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे नियम ठाऊक असूनही होणाऱ्या स्खलनाकडे वळणे प्राप्त आहे. प्रगत विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या दृष्टीने हाच प्रकार सर्वांत महत्त्वाचा.

‘द प्राइस ऑफ द बॉक्सेस आर हाय’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘प्राइस’ एकवचनी असल्याचे माहीत असते. तरीही ‘बॉक्सेस’ हे अनेकवचनी नाम मध्ये आले आणि त्याने क्रियापद आपल्याकडे ओढून घेतले. अशा स्खलनावर ‘हे मराठीचे वळण’ असा शेरा मारण्याची प्रथा आहे. त्या शेऱ्यात किती तथ्य आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

हेच विधान मराठीत करू : ‘आंब्यांच्या पेट्यांची किंमत जास्त आहे.’ येथे विशेषणरूप पदे आधी आली आणि प्रधान पद ‘किंमत’ सर्वांत शेवटी, विधेयाच्या तोंडाशी येऊन थांबले. म्हणजे खरा कर्ता आणि निकटचे नाम ही दोन्ही मराठीत बहुधा एकच असतात. इंग्रजीत प्रधान पद आधी येते आणि त्याचा परिवार मागाहून. त्यामुळे क्रियापदापाशी पोहोचेपर्यंत परिवारातलेच एखादे नाम पुढे उभे असते. निकटच्या नामावर विश्वास ठेवण्याची मराठी कानाची सवय मराठीत निर्धोक असते, इंग्रजीत ती घात करते. शिवाय मराठीतील षष्ठीचा प्रत्यय पुढे येणाऱ्या नामाची चाहूल आधीच देतो. ‘पेट्यांची’ म्हटले की किंमत यावी, ‘पेट्यांचा’ म्हटले की दर यावा, ‘पेट्यांचे’ म्हटले की वजन यावे. इंग्रजीतील ‘ऑफ’ अशी कोणतीच चाहूल देत नाही. संयुक्त नामांच्या बाबतीत तर मराठीने सांनिध्याला उघड मान्यता दिलेली आहे. ‘त्याने सदरा आणि टोपी घेतली’, परंतु ‘त्याने टोपी आणि सदरा घेतला’ : क्रियापद शेवटच्या नामाच्या मागे जाते, आणि कोणाही मराठी माणसाला त्यात वावगे वाटत नाही.

एवढ्यावरून ‘मराठीचे वळण’ हे निदान पक्के झाले असे मात्र मानता येत नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते इंग्रजी हीच मातृभाषा असणाऱ्यांवर केलेले होते. त्यांना वाक्याचा प्रारंभ ऐकवून तो पुन्हा उच्चारण्यास आणि पुढे पुरा करण्यास सांगितले गेले. प्रधान पद एकवचनी आणि मधले नाम अनेकवचनी असेल तेव्हा त्यांच्याही तोंडून चुकीचे अनेकवचनी क्रियापद निघून गेले; उलट स्थितीत, म्हणजे प्रधान पद अनेकवचनी आणि मधले नाम एकवचनी असता, अशी स्खलने फारच थोडी झाली. एकवचन ही नामाची सहजावस्था आणि अनेकवचन ही खूण लावलेली अवस्था, म्हणून खूण लावलेले नाम अधिक जोराने ओढते, असा याचा उलगडा करण्यात येतो. तात्पर्य, हे आकर्षण मनुष्याच्या वाक्यरचनेच्या व्यापारातच अंतर्भूत आहे. मातृभाषा त्याला हातभार लावीत असेल, पण ते निर्माण करीत नाही. यंत्रांविषयीचा अनुभवही याच दिशेचा आहे. लिन्झन, ड्युपू आणि गोल्डबर्ग यांनी २०१६ साली एका जालप्रारूपाला इंग्रजी क्रियापदाचे वचन ओळखण्यास शिकविले, तेव्हा कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये विरुद्ध वचनाची नामे जसजशी वाढली तसतशा त्याच्या चुकाही वाढल्या.

येथे अध्यापनाच्या दृष्टीने मोलाची अशी एक गोष्ट निदर्शनास आणली पाहिजे. ज्या मराठीवर दोषाचे खापर फुटते, त्याच मराठीत त्याचा उतारा आहे. मराठीत ज्या नामाला विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागले, त्याचा क्रियापदावरचा अधिकार संपतो. ‘मुलगी आंबा खाते’ यात क्रियापद मुलीच्या आज्ञेत आहे. ‘मुलीने आंबा खाल्ला’ यात ‘ने’ लागताच मुलगी बाजूला होते आणि आंबा अधिकारावर येतो. ‘शिपायाने चोराला पकडले’ यात दोघांनाही प्रत्यय लागले, म्हणून क्रियापद कोणाचेच ऐकत नाही. ‘मुलांसह शिक्षिका आली’ यात मुले कितीही असोत, ‘सह’ लागल्यामुळे क्रियापद शिक्षिकेकडेच राहते. कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांच्या रूपाने मराठी व्याकरणाने हे तत्त्व केव्हाच नमूद करून ठेवलेले आहे. ते जसेच्या तसे इंग्रजीला लावता येते : इंग्रजी नामाच्या पूर्वी जोडलेले ‘ऑफ’, ‘विथ’, ‘इन’ हे शब्द म्हणजे मराठी नामाला मागून लागलेले प्रत्यय व शब्दयोगी अव्ययेच होत, आणि त्यांच्या छायेतील नामाला क्रियापदावर अधिकार नाही. ‘द टीचर, अलाँग विथ द पुपिल्स, वॉज प्रेझेंट’ हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही; ते मराठीतूनच उमगते. ‘अ नंबर ऑफ’, ‘अ लॉट ऑफ’ यांसारखे संख्यावाचक शब्दसमूह तेवढे यास अपवाद आहेत, आणि अर्थानुसारी तत्त्वाने त्यांचा उलगडा वर झालाच आहे.

५

दोषाचे स्वरूप असे बहुविध असताना दुरुस्तीविषयीच्या विचाराने त्याची कितपत दखल घेतली? स. पि. कॉर्डर याने १९६७ सालच्या आपल्या निबंधात दोष आणि स्खलन यांत भेद केला. दोष हा शिकणाऱ्याच्या मनातील अपुऱ्या व्यवस्थेचा दर्शक, स्खलन हे क्षणिक अनवधान. पहिल्यावरून त्याच्या प्रगतीचा टप्पा कळतो. दुसऱ्यावरून फारसे काही कळत नाही. हा भेद आज सर्वमान्य असला, तरी उत्तरपत्रिकेवरील रेघेत तो अजून उतरलेला नाही.

माइना शॉनेसी यांचा १९७७ सालचा ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ या क्षेत्रात मानदंडासारखा आहे. न्यू यॉर्क नगर विद्यापीठाने १९७० साली आपली दारे सर्वांना खुली केली. त्या काळात सिटी कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध हा या ग्रंथाचा पाया. दोषांनाही एक तर्क असतो, विद्यार्थी बेफिकिरीने चुकत नसून आपल्या परीने नियम बांधीत असतो, हे त्यांनी दाखवून दिले. नामाला ‘एस्’ लावला की अनेकवचन आणि क्रियापदाला ‘एस्’ लावला की एकवचन, हा इंग्रजीतला उलटा न्याय नवख्याला किती चकवतो, याची जाणीव या दृष्टीने वाचणाऱ्यालाच होते. मिन-झान लू यांनी १९९१ साली या ग्रंथावर आक्षेप घेतला तो असा की, भाषेचे रूप बदलताना लेखकाचा आशय आणि त्याचे सामाजिक स्थान अबाधित राहते असे शॉनेसी गृहीत धरतात. आक्षेप विचारार्ह आहे. पण दुरुस्त करण्यापूर्वी समजून घ्यावे, ही शॉनेसींची शिकवण त्याने बाधित होत नाही.

जोझेफ विल्यम्स यांचा १९८१ सालचा निबंध निराळ्याच मार्गाने जातो. दोष हा मजकुरात असतो तितकाच वाचणाऱ्याच्या अपेक्षेतही असतो, असा त्यांचा सिद्धान्त. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी आपल्या निबंधातच सुमारे शंभर दोष हेतुपुरस्सर पेरले, आणि ही गोष्ट अखेरीस उघड केली. प्रतिष्ठित नियतकालिकातील विद्वानाचे लेखन म्हणून वाचणाऱ्यांना त्यांतले बहुतेक दिसले नाहीत. तेच एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत दिसले असते. परीक्षकाने स्वतःवर करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे. मात्र त्यावरून दोष नावाची वस्तूच नाही असा निष्कर्ष काढणे हे अतिव्याप्तीचे होईल. ‘द फार्मर सेल’ हे वाचकाच्या नजरेतून निसटले म्हणून शुद्ध ठरत नाही.

१९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी या वादाला निर्वाणीचे वळण दिले. परभाषेतील लेखनाची व्याकरणदृष्ट्या दुरुस्ती निष्फळ असते, किंबहुना अपायकारक असते, म्हणून ती टाकून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. डेना फेरिस यांनी १९९९ साली त्यास उत्तर दिले. त्यांनी दोषांचे दोन वर्ग केले : नियमाने सुटणारे आणि नियमाने न सुटणारे. कर्ता-क्रियापदांचा मेळ हा पहिल्या वर्गात मोडतो. तेथे निवडक व स्पष्ट दुरुस्ती उपयोगी पडू शकते, असा त्यांचा दावा. फेरिस यांचा पक्ष अधिक समतोल आहे. तरीही त्यांच्या वर्गीकरणात एक फट राहते. मेळाचा संपूर्ण प्रदेश त्यांनी नियमाधीन मानला, पण वर पाहिल्याप्रमाणे त्यातील एकच भाग तसा आहे. ‘द फार्मर सेल’ला नियम लागू पडतो. ‘द प्राइस ऑफ द बॉक्सेस आर’ला नियमाची नव्हे, पुनर्वाचनाची गरज आहे. ‘द कमिटी हॅव’ला तर निवडीची आणि सातत्याची. ट्रस्कॉट यांना दुरुस्ती निष्फळ दिसली याचे एक कारण हेही असू शकेल की, तीन व्याधींना एकच औषध दिले जात होते.

६

यावरून दुरुस्तीची जी रीत निष्पन्न होते, ती अवघड नाही. रेघ ओढण्यापूर्वी परीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. हाच विद्यार्थी असल्याच रचनेत इतरत्र बरोबर लिहितो काय? लिहीत नसेल तर ते अज्ञान होय; तेथे नियम समजावून द्यावा, आणि एकाच नियमाची अनेक उदाहरणे त्याच्याच लेखनातून काढून दाखवावीत. बरोबर लिहीत असेल, तर कर्ता आणि क्रियापद यांच्या दरम्यान विरुद्ध वचनाचे नाम आले आहे काय? आले असेल तर ते स्खलन. तेथे चुकीची जागा दाखविणे पुरे, शुद्ध रूप विद्यार्थ्यानेच लिहावे. आणि प्रतिष्ठित लेखकांत या प्रयोगाबाबत मतभेद आहे काय? असेल तर रेघ ओढू नये. प्रबंधभर एकच पद्धती पाळली आहे की नाही, एवढेच पाहावे. एका पृष्ठावर समिती एकवचनी आणि पुढल्या पृष्ठावर अनेकवचनी, हा मात्र निश्चित दोष होय.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही एक साधी कसोटी आहे. दीर्घ वाक्य लिहून झाले की त्यातील शब्दयोगी शब्दांच्या छायेतली सर्व नामे कंसात टाकावीत, उरलेल्या पदाच्या जागी ‘इट’ अथवा ‘दे’ घालून पाहावे, आणि मग क्रियापद वाचावे. ‘द रिझल्ट्स ऑफ द सर्व्हे ऑफ द थ्री व्हिलेजेस शोज’ यातील दोन्ही ‘ऑफ’ त्यांच्या नामांसह बाजूला काढले की ‘रिझल्ट्स’ उरते. ‘दे शोज’ हे कानालाच खटकते. ‘देअर इज मेनी रीझन्स’ यासारख्या वाक्यात कर्ता क्रियापदानंतर येतो, म्हणून तेथे तो पुढे आणून पाहावा. आज संगणकावरील व्याकरणशोधक हे काम क्षणात करतात आणि स्खलने पकडण्यास त्यांचा उपयोगही होतो. पण कोणत्या ठिकाणी अर्थाचा कौल मानावयाचा हा निर्णय लेखकाचाच, कारण अर्थ त्याच्या मनात असतो.

सारांश, कर्ता-क्रियापदांचा मेळ हा शुद्धलेखनाच्या यादीतला एक किरकोळ कलम नाही. रूप, अर्थ आणि सांनिध्य यांतील एका जुन्या कलहाचे ते दृश्य टोक आहे. हा कलह मराठीतही आहे, आणि मराठीने तो आपल्या रीतीने मिटविलेला आहे. हे ओळखणारा शिक्षक विद्यार्थ्याला परक्या भाषेचा गुन्हेगार ठरविणार नाही. ज्या व्यवस्थेचा अर्धा भाग त्याला जन्मतःच अवगत आहे, तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे तो त्याला नेईल. तांबडी शाई त्यानंतरही लागेल. परंतु ती कमी ठिकाणी लागेल, आणि जेथे लागेल तेथे कारणासह लागेल.